परतीच्या बाजूने बघ

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पाचव्या सेमिस्टरला एक्स्चेंजवर, म्हणजे करार असलेल्या विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला, जर्मनीत श्टुटगार्टला जाऊ का, असं विचारून "सर, तुम्ही सांगाल ते करते," असं तू लिहिलंयस. ते मला चालणार नाही. विचार कुठून सुरू करायचा एवढं सांगतो, निर्णय तुझा तू घे.

तू सध्या जाण्याच्या बाजूने बघतेयस. व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे, आईची समजूत. एक्स्चेंजचा निर्णय परतीच्या बाजूने घ्यायचा असतो. मास्टर्सला जाणारी मुलं इथला हिशोब मिटवून जातात. तुझं नाव मात्र आपल्याच हजेरीपटावर राहणार, पदवी आपल्याच विद्यापीठाची मिळणार आणि काही महिन्यांनी तू पुन्हा आपल्याच वर्गात बसणार. त्या दिवशी हातात काय असेल आणि काय निसटलेलं असेल, ते आधी बघ.

आपलं पाचवं सेमिस्टर जुलैत सुरू होतं. श्टुटगार्टला हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि बऱ्याच लेखी परीक्षा त्याच्याही पुढे मार्चपर्यंत रेंगाळतात. तू परत येशील तेव्हा आपलं सहावं सेमिस्टर बरंच पुढे गेलेलं असेल. हजेरीचं काय, बुडलेल्या प्रॅक्टिकल्सचं काय, हे तेव्हा विचारत बसलीस तर कोणी दाद देणार नाही. मैत्रिणी प्लेसमेंटची भीती घालतायत तिच्यात फारसा दम नाही, कारण ती धावपळ सातव्यात असते. सातव्याला जाते म्हणाली असतीस तर मीच अडवलं असतं. समर इंटर्नशिपच्या एक-दोन मुलाखती हुकतील, ते धरून चाल.

आता खरी गोष्ट, लर्निंग अॅग्रीमेंट. एका बाजूला तिथले विषय, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बदल्यात इथले कुठले माफ होणार ते. तिथे पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिटं), आणि एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरी केलेला अभ्यासही धरलेला. आपलं क्रेडिट वर्गातल्या तासांवर मोजतात. त्यामुळे तिथल्या सहा क्रेडिटांसमोर इथले चार लिहिले, की परीक्षा विभागात कपाळाला आठ्या पडतात. तिथे आकड्यांवरून वाद घालू नकोस, सिलॅबस उघड. हीट ट्रान्सफरच्या आपल्या युनिटांपैकी तिथे काय काय शिकवतात, त्यावर पेन्सिलीने खुणा कर, जे सुटतंय ते वेगळ्या कागदावर लिही आणि दोन्ही विभागप्रमुखांपुढे ठेव. असे कागद समोर आले की सही होते. "सर, सेमच आहे" एवढ्यावर होत नाही.

गुणांचंही तसंच. जर्मनीत १.० सगळ्यांत वरचा, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. तुझा २.३ इथे सीजीपीएत कसा उतरणार, की गुणपत्रिकेवर नुसतं 'पास' लिहून सीजीपीएतून वगळणार, हे लेखी घे. तोंडी शब्द देणारा माणूस तू परत येईपर्यंत त्या खुर्चीत असेलच असं नाही. आणि हे सगळं तिकीट काढायच्या आधी.

बाबांना ११,९०४ युरो ऐकून घाम फुटला, असं लिहिलंयस. त्यांना सांग, ती फी नव्हे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षभरासाठी दाखवायची ती रक्कम आहे. सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो असा तिचा हिशोब आहे आणि सेमिस्टरपुरतं जाणाऱ्यांना साधारणपणे तेवढ्याच महिन्यांची दाखवावी लागते. पैसे तुझेच, दर महिन्याला तुझ्याच हातात येतात. पण खर्चही होतात हे लपवू नकोस, आजच्या भावाने महिन्याला लाखाच्या आसपास. शिकवणी शुल्कात मात्र तुझा फायदा आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात, करारातून येणाऱ्या एक्स्चेंजवाल्यांना ते माफ असतात. आपल्या कॉलेजची फी मात्र नेहमीसारखी भरायची. बाडेन-व्युर्टेंबर्ग स्टिपेंडियम नावाची शिष्यवृत्तीही आहे. तिची मुदत तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला आजच मेल करून विचार. ती मिळाली तर बाबांचा आवाज बदलेल.

हातात काय येणार याचं तुझं उत्तर मला पटलं नाही. "पुढे एमएसला उपयोग होईल" म्हणतेस. होईलही, पण तेवढ्यासाठी घरचे चार-पाच लाख घालवू नयेत असं माझं मत आहे. चाकणची मर्सिडीज आणि नाशिकची बॉश, दोघींचं माहेर श्टुटगार्ट. मर्सिडीजच्या संग्रहालयात फोटो काढून येणारे पुष्कळ असतात. तू आपल्याकडे शिकायलाच मिळत नाही असा एक विषय निवड आणि त्याभोवती बाकीचे बसव. निवडताना भाषा बघ. तिथे बॅचलरचे बहुतेक विषय जर्मनमध्ये असतात, इंग्रजीतले बरेचसे मास्टर्सच्या पातळीवरचे. मॅक्स म्युलर भवनमधली तुझी बी-वन पातळीची जर्मन दुकानात पुरेल, थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला दमछाक होईल. (आणि तिथले श्वाबेनी लोक आपापसात जे बोलतात, ते तर बर्लिनवाल्यांनाही धड कळत नाही.)

परीक्षेचा धक्का बहुतेकांना बसतो. बऱ्याच विषयांना इंटर्नल नसतं, शेवटी एकच परीक्षा, तीच सगळं ठरवते. तिची नोंदणी ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन स्वतः करायची. आपल्याकडे फॉर्म राहिला तर क्लार्क वर्गात येऊन ओरडतो. तिथे कोणी ओरडत नाही, आणि सगळ्या तासांना बसूनही परीक्षेला बसता येत नाही.

राहण्याबद्दल थोडक्यात. श्टुटगार्ट महाग शहर, तेव्हा हॉस्टेलचा अर्ज मिळेल त्या पहिल्या दिवशी कर. काही इमारतींत केअरवोखं पाळतात. पाटी तुझ्या दाराला लागली की त्या आठवड्यात जिना तू झाडायचास. आईला हे सांगू नकोस, ती म्हणेल इथे कधी झाडू हातात घेतला नाहीस. आपली मुलं एकत्र राहून रोज डाळभात करतात, त्यात गैर काही नाही. पण मग सगळी संध्याकाळ हिंदीतच जाते. डाळभात कर, पण जेवायला एखाद्या जर्मन मुलीलाही बोलव.

एका परिस्थितीत मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन. चौथ्या सेमिस्टरला बॅकलॉग राहिला, तर जाऊ नकोस. तो परतल्यावर सहाव्याच्या ओझ्यावर बसेल.

मंगळवारी दुपारी तीननंतर मी केबिनमध्ये आहे. तिथल्या विषयांचं मोड्यूल हँडबुक आणि आपल्या पाचव्याचा सिलॅबस, दोन्हींचे प्रिंटआउट घेऊन ये. बाबांना जमत असेल तर त्यांनाही आण, ब्लॉक्ड अकाउंटचं मी समजावून सांगतो.

तुझे,
सर