सीझनल फ्लूच्या एचए प्रोटीनसाठी कोणती अँटीबॉडी घ्यावी?

तुम्ही म्हापशाहून विचारलंय: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फ्लूच्या विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे एचए प्रोटीन, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) दाखवायचं आहे. गाइडनी एकाच कुपीचे पैसे मंजूर केलेत. कॅटलॉगमध्ये ‘सीझनल एच१एन१ एचए’ अशी एक अँटीबॉडी स्वस्तात दिसतेय, ती घेऊ का? आणि उरलेल्या अँटीबॉडीवर घरच्यांच्या तापाची तपासणी होईल का?

मी फोंड्याजवळच्या एका प्रयोगशाळेत रोज एलायझा (प्लेटवर अँटीबॉडीने प्रोटीन ओळखायची चाचणी) आणि ब्लॉटच करते. त्यावरून सांगते, ऑर्डर देण्याआधी डेटाशीटवरची ‘इम्युनोजेन’ची ओळ वाचा. किंमत, सुंदर फोटो, सगळं नंतर. विषाणूच्या कोणत्या स्ट्रेनच्या, म्हणजे वाणाच्या, कोणत्या तुकड्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केली ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तुमचा प्रयोग बसणार की फसणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

याचं कारण असं. २००९च्या आधी माणसांत फिरणारा एच१एन१ वेगळा होता. लसीत वापरलेले न्यू कॅलेडोनिया १९९९ आणि ब्रिस्बेन २००७ हे स्ट्रेन त्या जुन्या घराण्यातले. २००९मध्ये ज्याला आपण सगळे स्वाइन फ्लू म्हणत होतो तो आला आणि थोड्याच काळात त्याने जुन्याची जागा घेतली. आज दवाखान्यात जो सीझनल एच१एन१ सापडतो तो या २००९वाल्याचाच वंशज आहे. पण कॅटलॉगमधल्या काही अँटीबॉडी त्या धामधुमीत तयार झाल्या, आणि त्यांचं कामच मुळी जुना एच१ (एच१एन१चा एचए) ओळखायचा आणि स्वाइन फ्लूचा ओळखायचा नाही, हे होतं. दोन्हींत फरक असलेला तुकडा मुद्दाम निवडायचा, त्याचं कृत्रिम पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनवायचं आणि ते सशाला टोचायचं, अशी ती पद्धत. अशी कुपी शंभर टक्के अस्सल असते, तरी तुमचं प्रोटीन २००९नंतरच्या स्ट्रेनचं असेल तर ब्लॉट कोरा येईल आणि दोष तुमच्या हाताला दिला जाईल. तुमची स्वस्त कुपी याच जातीची असावी असं मला वाटतं. आधी विचारून खात्री करा.

स्ट्रेनचं नाव वाचणं अवघड नाही. ए/कॅलिफोर्निया/७/२००९ म्हणजे विषाणूचा प्रकार, नमुना मिळाला ती जागा, त्याचा क्रमांक आणि वर्ष. अँटीबॉडीच्या डेटाशीटवरचं नाव आणि तुमच्या रीकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेल्या) प्रोटीनच्या कुपीवरचं नाव शेजारी शेजारी लिहा. नावं वेगळी निघाली तर दोन्हींचे सीक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) काढून जुळवून बघा. डेटाबेस फुकट आहेत. पेप्टाइडच्या जागेतच दोन-तीन अमिनो आम्लं बदललेली दिसली तर ती अँटीबॉडी सोडून द्या. एचएचा डोक्याकडचा भाग वर्षागणिक बदलत राहतो, देठाकडचा त्या मानाने स्थिर असतो, त्यामुळे देठाविरुद्धची अँटीबॉडी जास्त स्ट्रेन पकडते.

आता ब्लॉटचं. आपण नमुना एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळतो तेव्हा प्रोटीनची घडी पूर्ण मोडते. एलायझात झकास चालणारी एखादी मोनोक्लोनल (एकच जागा ओळखणारी अँटीबॉडी) घडीचा आकारच ओळखत असेल तर ब्लॉटवर ती आंधळी. डेटाशीटवर ‘वेस्टर्न ब्लॉट’ स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. पहिल्या वेळी एका पेप्टाइडऐवजी पूर्ण प्रोटीनविरुद्धची सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) बरी, कारण ती अनेक जागा ओळखते.

बँड, म्हणजे ब्लॉटवर उमटणारा प्रोटीनचा पट्टा, बघताना एक गोष्ट डोक्यात असू द्या. अखंड एचए साधारण ७५ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक) दिसतो. ट्रिप्सिन या एन्झाइमने तो कापला गेला की त्याचे दोन तुकडे, एचए१ सुमारे ५५ला आणि एचए२ सुमारे २५ला येतात, साखरेच्या साखळ्या किती चिकटल्यात त्यावर थोडं वर-खाली. अँटीबॉडी एचए२विरुद्धची असेल तर खालचा बँड दिसणं बरोबरच आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुली तो बँड बघून ‘प्रोटीन तुटलं’ म्हणतात आणि चांगला नमुना टाकून देतात, फार वाईट वाटतं.

‘अँटी-एचए’ शोधताना आणखी एक जपा. एचए-टॅगची अँटीबॉडी ही वेगळी वस्तू. तो टॅग एच३ जातीच्या एचएमधल्या नऊ अमिनो आम्लांचा तुकडा आहे, आणि क्लोन केलेल्या कुठल्याही प्रोटीनला चिकटवून वापरतात. नाव एकच असल्यामुळे चुकीची कुपी येते. तुमच्या एच१साठी ती कामाची नाही.

कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठी सोबत चालवायच्या नमुन्यांवर, कंजूषी नको. जुळणारं शुद्ध प्रोटीन, संसर्ग न झालेल्या पेशी फोडून काढलेला लायसेट, आणि जमलं तर एच३चा नमुना. ज्याविरुद्ध अँटीबॉडी बनवली ते पेप्टाइड मिळत असेल तर अँटीबॉडी त्याच्यासोबत आधी ठेवून दुसरा ब्लॉट करा. बँड गेला तर तो खरा.

पावसात मागवत असाल तर चवथीच्या सुट्टीत पार्सल अडकणार नाही हे बघून तारीख ठरवा. आल्या दिवशीच छोटे भाग करून उणे २०ला ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवू नका. डायल्यूशन (पातळ करायचं प्रमाण) १:१०००पासून सुरू करा. आणि बँड उमटवायला एचआरपी हे एन्झाइम वापरताना बफरमध्ये सोडियम अझाइड हे टिकाऊपणासाठीचं रसायन नको, ते या एन्झाइमला मारतं.

तापाची तपासणी मात्र या कुपीवर करू नका. ती फक्त संशोधनासाठी असते, आणि तापाच्या माणसाचा घशाचा स्वॅब कॉलेजच्या टेबलावर आणणं धोक्याचं आहे. झटपट फ्लू किटमध्येही बहुधा एचए नाही, विषाणूच्या आतलं न्यूक्लिओप्रोटीन शोधतात, कारण ते फारसं बदलत नाही. कोणता उपप्रकार हे आरटी-पीसीआरवर (विषाणूचं जनुक शोधायची चाचणी) कळतं. घरात आजी-आजोबा, गरोदर बाई किंवा दम्याचं कोणी तापलं असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं.

दोन्ही कुप्यांवरची स्ट्रेनची नावं इथे लिहा, मी सीक्वेन्स जुळवून सांगते.