वारसाने मिळालेली जुनी शिडाची नौका दुरुस्त करून अरबी समुद्र ओलांडता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आत्याच्या यजमानांची ३४ फुटी फायबरग्लासची शिडाची नौका तुमच्या नावावर आली आहे. गोव्यात ती काही वर्षं नुसती उभी आहे, तुम्ही सोलापुरात राहता, आणि ती नीट करून मालदीव, जमलंच तर पुढे सेशेल्स गाठायचं मनात आहे. सुरुवात कुठून करावी आणि येत्या हिवाळ्यात निघता येईल का, हा तुमचा प्रश्न.

नौका बहुधा जाईल, पण येत्या हिवाळ्यात निघू नका. मीही सोलापूरचाच. नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली आणि माझ्या मामांची अशीच एक नौका माझ्याकडे आली. ती हाती घेऊन जे शिकलो त्यावरून लिहितोय.

पैसा आधी दोनच गोष्टींवर जाऊ द्या: जे पाणी बाहेर ठेवतं आणि जे डोलकाठी उभी ठेवतं. रंग, गाद्या, आतलं लाकूडकाम हे सगळं नंतर. नौका क्रेनने पाण्याबाहेर काढा, तळ खरवडून घ्या आणि स्वतंत्र सर्व्हेअरकडून, म्हणजे नौका तपासणाऱ्या जाणकाराकडून, लेखी अहवाल घ्या. त्याआधी कुणी खर्चाचा आकडा सांगितला तर त्यावर विसंबू नका. लहान हातोडीने तळ ठोकत गेलात तर चांगल्या फायबरग्लासचा आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बोदा येतो. सुकाणूच्या पात्याला खालच्या बाजूने बारीक छिद्र पाडून बघा. तपकिरी पाणी ठिबकलं तर आतला सांगाडा गंजतोय असं समजा.

तळातून आरपार जाणाऱ्या प्रत्येक नळाचा कॉक उघडून तपासा. तो साध्या पितळेचा असेल तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं. चाकूने खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबीसर रंग दिसला तर तो कॉक हाताने दाबला तरी तुटू शकतो. असे सगळे काढून ब्रॉन्झचे बसवा, आणि प्रत्येकाशेजारी त्या भोकाच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, कॉक तुटला तर भोकात ठोकायला.

आता चेनप्लेट. डोलकाठीच्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या पट्ट्या. डेकच्या वरचा भाग चकचकीत दिसतो, त्यामुळे लोक फसतात. स्टेनलेस स्टील टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर धरणाऱ्या पातळ थरावर. डेकमधून जाताना पट्टी ओल्या फटीत अडकलेली असते, तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि गंज आतल्या आत पोखरत जातो. मामांच्या नौकेची एक पट्टी काढून मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये आणली. डोळ्यांना न दिसणारे तडे दाखवणारी डाय पेनेट्रंटची चाचणी तिथे सहज होते. पट्टीवर लाल रंग फवारायचा, थोडा वेळ थांबायचं, पुसून काढायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. पांढऱ्यावर, बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत, केसाएवढी लाल रेघ आमच्या डोळ्यांदेखत उमटत गेली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं. त्याच वर्कशॉपमध्ये खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस पत्र्यातून सगळ्या पट्ट्या नव्या करून घेतल्या. तुम्हीही हे काम सोलापुरात करू शकता, फक्त ३०४ ऐवजी ३१६ मिळतंय याची टेस्ट सर्टिफिकेट बघून खात्री करा. तारांचं वय दहा वर्षांच्या वर असेल किंवा माहीतच नसेल, तर तारा आणि टर्नबकल (तारा ताणायचे स्क्रू) सरसकट बदला.

वारसाच्या नौकेत खरी अडचण मनाची असते. गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने बसवलेली वस्तू काढायला हात धजावत नाही. मला हे समजतं, म्हणून स्पष्ट सांगतो: आत्याच्या यजमानांची लॉगबुकं, नकाशांवरच्या पेन्सिलीच्या खुणा, वायरिंगची हाताने काढलेली आकृती जिवापाड जपा. त्यांनी बसवलेला कॉक, तार, गॅसची नळी यांना मात्र माया लावू नका. तुमच्या आत्यांशी एकदा निवांत बोला. नौका कुठे आपटली होती, कोणत्या बाजूने पाणी यायचं, हे त्यांना कुठल्याही सर्व्हेअरपेक्षा जास्त ठाऊक असेल.

इंजिनाबद्दल थोडं माझ्या धंद्यातलं. पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळा गाळ धरतो. बंदरात इंजिन छान चालतं. बाहेर लाटांनी टाकी घुसळली की तोच गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी इंजिन बंद पडतं. म्हणून टाकी रिकामी करून आतून हाताने साफ करा, दोन फिल्टर असे जोडा की एक चालू असताना दुसरा बदलता येईल. इंजिन थंड ठेवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पंपाचे रबरी इंपेलर (आतले फिरते पंखे) जास्तीचे ठेवा.

ऋतूचं गणित चुकवू नका. जून ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून, तेव्हा प्रश्नच नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा झाला असं वाटतं, पण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत अरबी समुद्रात चक्रीवादळं येतात. २०१९ मध्ये क्यार ऑक्टोबरात आलं, आणि २०१७ चं ओखी डिसेंबरच्या सुरुवातीला लक्षद्वीपवरूनच गेलं, म्हणजे अगदी तुमच्या वाटेवरून. मे महिनाही नको, २०२१ चं तौक्ते आठवा. आपल्याकडची संक्रांतीची गड्डा यात्रा आटोपली की निघावं, असं धरून चाला. जानेवारी ते मार्च हा काळ सगळ्यात भला.

गोवा ते माले सरळ दक्षिणेला जवळपास ६७० सागरी मैल. ५ नॉटच्या (ताशी ५ सागरी मैल) सरासरीने दिवसाला १२०, म्हणजे साडेपाच-सहा दिवस. सेशेल्स गोव्याहून १६०० मैलांच्या आसपास आणि विषुववृत्ताजवळ वारा पडतो, तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त धरा. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटाच्या उत्तरेला नाइन डिग्री चॅनेल या समुद्रमार्गात सुएझ-कोलंबो वाटेवरची मोठी जहाजं सतत असतात. १८ नॉटने येणारं जहाज ६ मैल २० मिनिटांत कापतं. आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारं एआयएस बसवाच, पण तिथे रात्री एकाने डोळे उघडे ठेवून बसलंच पाहिजे. त्यामुळे नौकेवर तिघं तरी हवेत.

तुम्हाला अनुभव नाही, म्हणूनच हा हिवाळा नको म्हटलं. उजनीच्या पाण्यावर डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवून वाऱ्याचा अंदाज येईल, समुद्राचा येणार नाही. यंदा नौका उघडा, दुरुस्त करा. पुढचा मोसम गोवा, मालवण, रत्नागिरी, मुंबई असा किनाऱ्याने रात्रीचे प्रवास करत काढा. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे गोव्यात त्यांची नौका म्हादेई बांधली जात असताना तिथेच कामात होते, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये प्रदक्षिणेला निघण्याआधी त्यांनी ती मॉरिशसपर्यंत नेऊन आणली होती. नौदलाच्या अधिकाऱ्यालाही ही पायरी गाळावीशी वाटली नाही.

कागदपत्रांत आधी नोंदणी तुमच्या नावावर आणा. परदेशी जाताना कस्टम्स, इमिग्रेशन आणि पोर्ट क्लिअरन्स तिन्ही लागतात. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारं यंत्र, घ्या आणि त्याची नोंदणी करा. भारतातला त्याचा नियंत्रण कक्ष बंगळुरूला इस्रोकडे आहे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ घरच्यांना देऊन ठेवा. थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, तो बाहेरून आणायच्या फंदात पडू नका.

पाण्याच्या बाबतीत काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात राहिल्याचा तुम्हाला फायदाच आहे, साठवलेलं पाणी पुरवायची सवय अंगात असते. माणशी दिवसाला ४ लिटर धरा. तिघांना मालेपर्यंत सहा दिवसांचे ७२ लिटर होतात, तुम्ही दुप्पट न्या, आणि दोन वेगळ्या टाक्यांत, म्हणजे एक गळली किंवा खारी झाली तरी दुसरी हाती राहते.

जेवणात पहिल्या दोन दिवसांत कुणाच्याच पोटात काही ठरत नाही आणि स्टोव्हजवळ उभंही राहवत नाही. त्यासाठी घरूनच कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या. भाकरी पूर्ण कोरडी झालेली हवी, हवाबंद डब्यात भरलेली. चटणीत तिखट नेहमीपेक्षा कमी घालायला सांगा.