ऑर्डर आली की पोटात गोळा

"मॅडम, आधी फोटो काढायला गेलो की भुकेचं भान नसायचं, आता ऑर्डर असली की भूकच मरते."

एवढंच बोलून तो गप्प झाला आणि माझ्यामागच्या भिंतीकडे बघत बसला. चिपळूणला माझी समुपदेशनाची खोली तळमजल्यावर आहे, २२ जुलै २०२१ ला पाणी जिथवर चढलं होतं ती रेघ मी एका भिंतीवर तशीच ठेवलीय, बाकी सगळं रंगवून घेतलं. नवीन माणूस आला की त्याची नजर आधी तिकडेच जाते, मला त्याचं काही वाटत नाही, उलट तेवढा वेळ मिळतो त्याला.

त्याचं नाव सांगत नाही, बारीकसारीक गोष्टी बदलल्यात आणि त्याला विचारूनच लिहितेय. वय सत्तावीस, गुहागरकडचा, पतपेढीत क्लार्क. प्रश्न मात्र त्याच्या एकट्याचा नाहीये, केक करणाऱ्या पोरी, मेंदी काढणाऱ्या, ढोलकी वाजवणारा एकजण, सगळे हेच विचारतात, की छंदाचे पैसे घ्यायला लागलो आणि छंदच नकोसा झाला, आता काय करू? आणि ह्याचा त्याला जोडून दुसरा प्रश्न होता, नोकरी सोडून पूर्णवेळ ह्यातच पडलो तर बरं होईल का? म्हणजे एकीकडे कॅमेरा हातात धरवत नाही आणि दुसरीकडे त्याच्यासाठी नोकरी सोडायचीय, हे मला जरा गंमतीदारच वाटलं, पण तेव्हा बोलले नाही.

सुरुवात मोबाईलवर झाली. मामा रापणीला जायचा, पहाटे जाळं ओढताना अख्खी वाडी किनाऱ्यावर, त्या दोरखंडाला लावलेले हात, ओल्या वाळूत रुतलेले पाय, हे तो काढायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघणारंही नव्हतं. मग १८ हजाराला जुना कॅमेरा घेतला, साधी लेन्स त्याच्यासोबतच आलेली. रविवार आला की बाईक काढायची, धोपाव्याला फेरीबोटीत टाकायची, दाभोळला उतरायचं आणि हर्णैचा लिलाव गाठायचा. होड्यांतून मासळी उतरवायला पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या आणि मागे सुवर्णदुर्ग, हे सांगताना गडी खुर्चीत पुढे सरकला, हात असे चौकटीसारखे धरून मला दाखवायला लागला. मी वहीत लिहून ठेवलं, आवड मेलेली नाही.

पहिली ऑर्डर पतपेढीतल्या एका ताईंच्या बहिणीचा साखरपुडा, दोन हजार रुपये. पाकीट आईने देवासमोर ठेवलं. मग बारसं, मुंज, सत्यनारायण, गणपतीत चाकरमानी आले की अख्ख्या घराचा ओटीवर बसवून एक फोटो, आणि वर्षभरात पहिलं लग्न. त्या जोरावर हप्त्याने एक नवीन लेन्स घेतली.

लग्न मे महिन्यातलं. बाहेर अंगाची लाही होत होती म्हणून ह्याने कॅमेरा नवरीच्या एसी खोलीत ठेवला, आपल्याला वाटतं की थंड जागी वस्तू सुरक्षित, तर तसं. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना तो उचलून थेट मांडवात. लेन्सवर धुकं! फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो तेच, थंड काच आणि आपली समुद्राकाठची दमट हवा, रुमालाने पुसलं की क्षणभर साफ आणि लगेच परत धुरकट. मंगलाष्टका संपली, अंतरपाट गेला, हार पडले, आणि ह्याच्याकडे ताकासारखे पांढरे अकरा फोटो. नंतर नवरा-नवरीला परत हार घालायला लावले, ते मुलाकडच्या एका काकांना खटकलं, त्यांनी चारचौघांत ह्याला धुतला आणि राहिलेले पैसे दिलेच नाहीत.

तेव्हापासून ऑर्डरच्या आधी दोन दिवस पोटात गोळा. रात्री उठून कार्ड तपासायचं, बॅटऱ्या तपासायच्या, परत कार्ड. आणि हर्णैला जाणं बंद, कॅमेरा कपाटात.

आता इथे मी चुकले ते सांगते. पहिल्याच भेटीत मी म्हटलं, दोन महिने ऑर्डर घेऊच नकोस, फक्त स्वतःसाठी फोटो काढ. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना! पंधरा दिवसांनी आला तो जास्तच उतरलेला. लेन्सचा हप्ता थकत आलेला, शेजारच्या वाडीतली एक पूजा दुसऱ्याला गेली आणि आई विचारायला लागली, "बाबा, तुला आता कोणी बोलवत नाही का रे?" ऑर्डरी म्हणजे नुसते पैसे नव्हते, वाडीत ह्याला फोटोवाला म्हणून हाक मारायला लागले होते, ते मी एका फटक्यात काढून घेतलं. आणि भीतीचं काय होतं, जे टाळतो ते आणखी मोठं होत जातं, हे मी दुसऱ्यांना शिकवते, मला कळायला हवं होतं.

मग साधी वही दिली. प्रत्येक ऑर्डरीत चार-पाच तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे, आधी धास्ती किती आणि करताना मजा किती. तीन छोट्या ऑर्डरींनंतर वही उघडली तर मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. परसात चुलीवर वडे तळणाऱ्या बायका, मजा नऊ. हळदीत गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या, आठ. मुंजीत वैतागलेला बटू, नऊ. जोडप्याच्या पोजेस, दोन. घरी आल्यावर रात्री मोबाईलवर पुण्या-मुंबईच्या फोटोग्राफरांची पानं बघत बसणं, ह्याला त्याने शून्य दिला आणि खाली लिहिलं होतं, "हे ऑर्डरीत धरायचं का?" म्हटलं, धरायचंच, रोज दीड तास जातोय त्यात.

१९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं, ३ ते ५ वर्षांची. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं बक्षीसपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात रंगाचे पेन मोकळे ठेवले तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. लोक एवढं ऐकून म्हणतात, बघा, पैशाने छंद मरतो. पण न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झालीच नाही, हे कोणी सांगत नाही. म्हणजे बक्षीस हातात पडण्याने बिघडत नाही, बक्षिसासाठी म्हणून काढायला बसलं की बिघडतं. अर्थात बालवाडीतली पोरं वेगळी आणि लेन्सचा हप्ता भरणारा सत्तावीस वर्षांचा बाप्या वेगळा, हे मी त्यालाही सांगितलं. पण त्याला पटलं, म्हणाला, "वड्यांचे फोटो माझ्याकडे कोणी मागत नाही मॅडम, म्हणून ते चांगले येतात."

मधे एक वेळासची, त्या समुद्राकाठच्या गावाची, गोष्ट निघाली. तिथे २००२ पासून कासवांची घरटी जपतात, उन्हाळ्याच्या तोंडावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी, दोरीच्या मागे उभं राहून बघायचं, फ्लॅश मारायचा नाही कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. हा भाचीला घेऊन गेला होता. चारशे फोटो. भाची अजून सांगते की एक पिल्लू उलटं फिरून लाटेने परत किनाऱ्यावर आलं आणि मग दुसऱ्या लाटेत गेलं. ह्याला ते पिल्लू आठवतच नाही, शटर स्पीड काय ठेवलेला ते आठवतं! म्हणाला, "मला काहीतरी झालंय का?"

काही झालेलं नाही. २०१४ साली लिंडा हेंकेल ह्यांनी म्युझियममध्ये लोकांना फिरवून बघितलं, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. पण झूम करून एखादा भाग टिपला तेव्हा ती घट झाली नाही, लक्ष देऊन बघितलं की राहतं एवढंच ते. म्हणून त्याला सांगितलं की कुठेही गेलास की पहिली दहा मिनिटं कॅमेरा बॅगेत, आणि घरी आल्यावर फोटोत न आलेल्या तीन गोष्टी लिहायच्या. हर्णैहून आला तेव्हा वहीत होतं, बर्फ फोडण्याचा आवाज, एका मावशीने "काय रे, किती दिवसांनी" म्हटलं ते, आणि डिझेलचा वास.

गोळा मात्र वहीने गेला नाही, तो बऱ्यापैकी गेला व्यवहाराने, हे मी मोकळेपणी मान्य करते. सगळंच मनाचं नसतं हो. कॅमेरा एसीत ठेवायचा नाही, ठेवलाच तर बॅगेची चेन लावूनच बाहेर आणायचा आणि वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्यायची. एकाऐवजी चार लहान कार्डं, म्हणजे एक गेलं तरी सगळं लग्न जात नाही. मुहूर्ताला दुसरा एक मुलगा जोडीला. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल, नाहीतर आपल्याकडे लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. अर्धे पैसे आधी आणि काय देणार काय नाही ते कागदावर. आणि तपासणीची यादी एकदाच, रात्री नऊला, खूण केली की बॅग बंद, परत उघडायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, आठवडाभर आईने बॅग आपल्या खोलीत ठेवली.

एक सांगून ठेवते, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, काम नसतानाही छाती धडधडत असेल तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा, किंवा मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलीमानस ही फोनवरची सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलतात.

नोकरीचं काय? ते मी ठरवलं नाही, ठरवायचंही नसतं. त्याला फक्त मागच्या बारा महिन्यांच्या ऑर्डरी महिन्यावार मांडायला सांगितल्या. एप्रिल-मे भरलेला, गणपतीत थोडं, जून-जुलै कोरे. कागद बघून तोच म्हणाला, "पावसात हप्ता पतपेढीच भरते." मग त्याने सुट्टीच्या दिवसांच्याच ऑर्डरी घ्यायचं ठरवलं, आणि महिन्यातला एक रविवार कुणालाच द्यायचा नाही. त्या रविवारी आलेल्या एका साखरपुड्याला तो नाही म्हणाला, तीन दिवस हळहळला, आणि मला फोन करून हळहळतोय म्हणून सांगितलंनही.

काकांचे पैसे काही आले नाहीत. त्या नवरीने मात्र परवा बाळाच्या बारशाला ह्यालाच बोलावलं. धास्ती सहा, मजा सात, असं वहीत आहे.

शेवटच्या भेटीला उठताना तो परत त्या पुराच्या रेघेपाशी गेला, बोट न लावता जवळून बघितली, कॅमेरा पाठीवर होता पण काढला नाही.

"सकाळी ह्या भिंतीवर ऊन कधी येतं?"

मी म्हटलं साधारण नऊला, खिडकीतून तिरकं.

"मग येतो एकदा."

अजून आलेला नाही. पण मी त्या खिडकीपुढचं कपाट सरकवून ठेवलंय.