वाफेच्या व्हॉल्वची सीट: ३१६ स्टेनलेस की कोबाल्टचा स्टेलाइट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपमध्ये साखर कारखान्यांसाठी ग्लोब व्हॉल्वच्या सीट (स्थिर बैठक) आणि डिस्क (तिच्यावर बसून वाफ अडवणारी चकती) तुम्ही ३१६ मध्ये करता. गळीत हंगाम अर्ध्यावर येतो न येतो तोच फेस एकमेकांना धरतात, चर पडतात, वाफ सुटते. अख्खा भागच कोबाल्टच्या मिश्रधातूत केला तर?

अख्खा करू नका. बूड ३१६एल चं (कमी कार्बनचं ३१६) ठेवा आणि फक्त बसणाऱ्या फेसवर स्टेलाइट ६ (कोबाल्टचा कठीण मिश्रधातू) वेल्डिंगने भरा. कोबाल्ट महाग आहे हे एक कारण, पण खरं कारण चिवटपणा. ३१६ तुटण्याआधी ४० टक्क्यांच्या आसपास लांबतं. स्टेलाइट ६ जवळजवळ न लांबताच तुटतो. दणके आणि आट्यांवरचा ताण सोसायला स्टेनलेसच हवं.

खराब झालेली डिस्क भिंगाखाली धरून बघा. एका फेसवर धातूचा बारीक उंचवटा चिकटलेला दिसेल आणि समोरच्या फेसवर त्याच मापाचा खळगा. ३१६ मऊ असतं. दाबाखाली घासलं की वरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि सारखा धातू सारख्या धातूला चिकटतो. मग त्या खळग्यातून वाफ वाट काढते आणि चर खोल होत जातो. स्टेलाइट ६ मध्ये साधारण २८ टक्के क्रोमियम, ४ ते ६ टक्के टंगस्टन आणि १ टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो. क्रोमियमचे कठीण कार्बाइड झीज अडवतात, आणि कोबाल्टची स्फटिकरचना घर्षणाच्या ताणाखाली बदलून पृष्ठभाग आणखी टणक होतो, म्हणून फेस एकमेकांना धरत नाहीत. सीट-डिस्क दोन्ही स्टेलाइटची चालते. ३१६ वर ३१६ चालत नाही. ४१० हे दुसरं स्टेनलेस पाणी देऊन जवळपास तेवढंच कठीण करता येतं, पण ४४०-४५० अंशांच्या वाफेत दीर्घकाळ ती कठिणाई टिकण्यात स्टेलाइट सरस. रस आटवणाऱ्या बाष्पपात्रांकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या एक्झॉस्ट वाफेला मात्र ४१० पुरतं, तिथे कोबाल्टवर पैसे घालू नका.

काम बिघडतं ते भरताना. आर्क जोरात ठेवला की खालचं लोखंड वितळून थरात मिसळतं आणि कठिणाई पडते. गॅसने भरलं तर मिसळ सगळ्यात कमी, टिगने (आर्गॉन वेल्डिंगने) थोडी जास्त, काठीने (साध्या वेल्डिंग रॉडच्या आर्कने) सर्वांत जास्त. टिग असेल तर ईआरकोसीआर-ए (स्टेलाइट ६ चा) रॉड घ्या, करंट बेताचा ठेवा, आर्कचा रोख रॉडवर आणि वितळलेल्या धातूवर ठेवा, उघड्या बुडावर नाही. दोन थर द्या, म्हणजे लेथवर फेसिंग झाल्यावर २ मिलिमीटर शिल्लक राहील आणि वरचा थर जवळजवळ शुद्ध असेल.

३१६एल आधी १५०-२०० अंश तापवा आणि भरून झाल्यावर कोरड्या चुन्यात किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये पुरून रात्रभर गार होऊ द्या. गार होताना ३१६ थरापेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे थर दाबात राहतो. बूड ४१० चं असेल तर उलट: गार होताना मार्टेन्साइट (पोलादाची कठीण रचना) बनून ते फुगतं, थर ताणला जातो आणि आडवे तडे जातात. म्हणून ४१० ला किमान ३०० अंशांचं प्रीहीट आणि नंतर भट्टीत ७०० अंशांच्या आसपास ताण काढणं टाळू नका.

टर्निंग कार्बाइडच्या टूलने, मिनिटाला १५ ते २० मीटर वेगाने, मग ग्राइंडिंग आणि लॅपिंग (बारीक पेस्टने घासून फेस सपाट करणं). ग्राइंडरवर धूळ ओढणारी व्यवस्था आणि नाकाला चांगला फिल्टर मास्क हवाच. कोबाल्टची धूळ फुफ्फुसांना वाईट, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

लॅपिंगआधी डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंगीत द्रव) लावून तडे बघा आणि कठिणाई मोजा. चुंबकावर विसंबू नका, ३१६ आणि स्टेलाइट दोन्ही त्याला दाद देत नाहीत. आकडा ३८ ते ४२ एचआरसी (रॉकवेल सी मापावर) हवा. ३० च्या खाली असेल तर लोखंड मिसळलंय. थर पूर्ण काढून पुन्हा भरा, लॅपिंग करून तो फेस सुधारत नाही.