भरधाव नायट्रो गाडीचं तोंड वर काऊन जाते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सर, मोबाईलवर अमेरिकेतल्या नायट्रो ड्रॅग रेसचा व्हिडिओ पायला. ते लांबलचक बारीक गाडी सुटताना बरोबर सुटली पण अर्ध्या पट्टीवर गेल्यावर पुढची चाकं वर उचलली अन् गाडी पार उभीच झाली. आमच्या गॅरेजवर दोन दिवस वाद चालू हाये, अर्धे पोट्टे म्हंतेत पावर जास्त झाली, अर्धे म्हंतेत हवा घुसली. खरं काय ते सांगजा. अन् ड्रायव्हरनं अशा वेळी काय करायचं? (एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, दोघंही बरोबर आहेत, फक्त क्रम समजून घ्या. सुरुवात इंजिन करते आणि शेवट हवा करते.

आधी गाडी काय आहे ते बघू. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवर दोन गाड्यांची शर्यत, आणि तुम्ही जी पाहिली त्या गाडीला टॉप फ्युएल ड्रॅगस्टर म्हणतात, पुढच्या-मागच्या चाकांत पंचवीस फूट अंतर, ड्रायव्हरसकट वजन साधारण १०५० किलो आणि इंजिनची ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या आसपास. आपल्याकडचा ट्रॅक्टर ४५-५० हॉर्सपॉवरचा असतो, म्हणजे बघा. इंजिन ८.२ लिटरचं व्ही-८, वर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर, आणि पेट्रोलच्या जागी ९० टक्के नायट्रोमिथेन, म्हणूनच हिला नायट्रो गाडी म्हणतात. सस्पेन्शन नाही, गिअरबॉक्स नाही, नुसता क्लच. १६० किमीचा स्पीड एका सेकंदाच्या आत येतो आणि पट्टीच्या शेवटी ५३० च्या वर जातो, सगळा खेळ पावणेचार सेकंदांत आटोपतो.

आता चाकं का उचलतात? मागचं चाक जमिनीला मागे ढकलते, म्हणून गाडी पुढे जाते, पण हा जोर लागतो खाली जमिनीशी आणि गाडीचं वजन असते वर, त्यामुळे अख्खी गाडी मागच्या बाजूला फिरायला बघते. सुटताना पुढची चाकं थोडी तरंगतातच, चेसिससुद्धा मुद्दाम वाकेल अशीच बनवतात, आणि जास्त उचलू नये म्हणून मागे व्हीली बार नावाचा दांडा असतो ज्याला छोटी चाकं असतात. पण तुमच्या व्हिडिओतली गाडी सुटताना नाही, अर्ध्या पट्टीवर उचलली, आणि पोट्ट्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट इथेच आहे. नायट्रो गाडीचा क्लच सुरुवातीला मुद्दाम स्लिप होऊ देतात, नाहीतर एवढी ताकद टायरला झेपणारच नाही, चाक जागीच फिरेल. मग हवेच्या दाबावर चालणारे टायमर हळूहळू क्लच घट्ट करत जातात आणि अर्ध्या पट्टीच्या आसपास तो पुरा पकडतो. म्हणजे इंजिनची खरी ताकद चाकाला मिळते ती भर वेगात! त्या क्षणी ट्रॅक चिकट असला आणि टायर अजिबात सुटला नाही तर ती ताकद जाईल कुठे, ती तोंड वर उचलते. कॉम्प्युटरनं ट्रॅक्शन सांभाळायला नियमात बंदी आहे, त्यामुळे टीमनं रनच्या आधी केलेला अंदाज चुकला की मग सगळं ड्रायव्हरच्या पायावर.

आणि इथून हवा सुरू होते. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, म्हणजे १०० च्या स्पीडला जी हवा लागते त्याच्या सोळापट ४०० ला. तोंड खाली आहे तोवर पुढचा विंग नाकाला दाबून ठेवतो. तोंड वर झालं की हवा पोटाखाली जाते, आणि उन्हाळ्यातल्या वादळात गोठ्यावरचं टिन एका कोपऱ्यातून उचललं की मग कोणाच्या बापाला थांबत नाही तसं होते. वरून मागचा मोठा विंग, तोही मदत करत नाही. तो मागच्या टायरवर टनांनी दाब देतो, त्याशिवाय टायर पकडणारच नाही, पण तो आहे उंच आणि मागच्या आसाच्या थोडा मागे, त्यामुळे हवा त्याला मागे ओढते आणि तोंड वर करायला जोरच मिळतो.

डॉन गार्लिट्सचं नाव ऐकलं नसेल तर ऐका, हा फ्लोरिडाचा माणूस, या खेळातला फार मोठा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्याच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं, त्यात उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तेव्हा या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं. त्यानं दवाखान्यात पडल्या पडल्या इंजिन मागे न्यायचा विचार सुरू केला, १९७१ ला तशी गाडी आणून जिंकून दाखवलं आणि बाकी सगळे त्याच्या मागे आले. याच गार्लिट्सची गाडी १९८६ ला न्यू जर्सीच्या इंग्लिशटाउनला अशीच उभी राहिली, हवेतच गर्रकन फिरली आणि सुटायच्या जागेकडे तोंड करून परत चाकांवर पडली. माणूस धड बाहेर आला. त्या गाडीचं नाव स्वॅम्प रॅट ३०, त्याच वर्षी ताशी २७० मैलांच्या, म्हणजे ४३४ किमीच्या वर जाणारी ती पहिली गाडी ठरली होती, आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे. पुढच्याच वर्षी नव्या गाडीत त्याच्यासोबत पुन्हा तेच झालं.

ड्रायव्हरनं काय करायचं याचं उत्तर एकच, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. पण ४०० च्या स्पीडला एका सेकंदात १११ मीटर जातात, समोर नुसतं आभाळ दिसत असते, आणि शेजारच्या लेनमधला पुढे निघालेला असतो. बरं, पाय एकदम उचलला तर तोंड धाडकन खाली आपटते, सस्पेन्शन नाही म्हणून धक्का सरळ चेसिसला आणि ड्रायव्हरच्या पाठीला. तरी उचलायचाच. लोक कमेंटमध्ये "घाबरला" लिहितात ते वाचून मला खरंच वाईट वाटते. माझ्या मते त्या अर्ध्या सेकंदात रेस सोडून देणारा ड्रायव्हर हाच पक्का ड्रायव्हर, कारण गाडी परत आणता येते तोवरच त्याला ते कळलेलं असते.

प्रश्न : आमच्याकडे शंकरपट असतो, तिथंही सरळच पळवतेत. या गाड्यांची पट्टी किती लांब असते? (एक वाचक, तळेगाव दशासर, जि. अमरावती)

उत्तर : आधी पाव मैल होती, १३२० फूट. जून २००८ ला इंग्लिशटाउनलाच स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर गेला, इंजिन फुटलं आणि गाडी पट्टीच्या शेवटी थांबली नाही. त्यानंतर नायट्रो गाड्यांसाठी १००० फूट केली, म्हणजे ३०५ मीटर, थांबायला जागा जास्त मिळावी म्हणून. थांबवायला मागे दोन पॅराशूट असतात.

प्रश्न : व्हीलीचं वाचलं की मले आमचा ट्रॅक्टर आठवते. पावसाळ्यात काळ्या मातीत फसला की तोंड उचलते. ते अन् हे एकच का? वावरात काय काळजी घ्याची? (एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : एकच आहे, आणि तुम्ही हे विचारलं म्हणून मी या अंकात बाकीचे दोन प्रश्न मागे ठेवले. ट्रॅक्टरला हवा लागत नाही, तो नुसत्या ताकदीवर उलटतो. मागचं चाक चिखलात जाम झालं, ते फिरूच शकत नाही, आणि तुम्ही क्लच एकदम सोडला, तर इंजिन चाक फिरवायच्या ऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरवते. पाऊण सेकंदात तो अशा जागी पोचतो की तिथून परत येत नाही, दीड सेकंदात ड्रायव्हरच्या अंगावर. माणसाला कळून पाय क्लचवर जायलाच तेवढा वेळ लागतो. ड्रॅगस्टरवाला तरी पिंजऱ्यात पट्ट्यांनी बांधलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असते. आपला माणूस उघड्या सीटवर, आणि मडगार्डवर पोरगं.

सगळ्यात मोठी चूक असते साखळी कुठे बांधली यात. ओढायचं काहीही असो, ते मागच्या खालच्या ओढायच्या दांड्याला, म्हणजे ड्रॉबारलाच बांधा. टॉपलिंकच्या (औजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा आसाला बांधलं की ओढ वरून बसते आणि तीच ट्रॅक्टरला मागे पाडते, ड्रॉबारला बांधलं तर तोंड उचललं की ओढीचा जोर आपोआप कमी होत जातो. फसलेल्या चाकाला लाकूड बांधून काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती कृपा करून बंद करा, लाकूड अडकलं की चाक थांबते आणि ट्रॅक्टर उठतो. आधी चाकामागची माती फावड्यानं काढा, मग रिव्हर्समध्ये हळू बाहेर या, नाही आला तर दुसरा ट्रॅक्टर लावा, लांब साखळी, दोघांच्या मध्ये कोणी उभं नको. जड औजार मागे असेल तर पुढची वजनं लावा, काढून घरी ठेवू नका. चढावर ट्रॉली भरलेली असेल तर क्लच झटक्यानं सोडायचा नाही. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी लोखंडी चौकट) असेल तर बेल्ट लावा, आणि रोल बार नसेल तर बेल्ट नको, कारण मग उडी मारायला पण जागा राहत नाही. मडगार्डवर कोणालाच बसवू नका, पोराचा हट्ट असला तरी.

प्रश्न : रिमोटच्या विमानाचं नायट्रो फ्युएल ऑनलाईन भेटते. बाईकच्या पेट्रोलमध्ये थोडं टाकलं तर पिकअप वाढेल का? (एक वाचक, अचलपूर)

उत्तर : नाही, इंजिन जाईल. नायट्रोमिथेनमध्ये ऑक्सिजन स्वतःचाच असतो, म्हणून एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते तर एक किलो नायट्रोला फक्त १.७ किलो. याचा अर्थ तेवढ्याच हवेत आठ-नऊपट इंधन सोडावं लागते. ड्रॅगस्टरचा पंप पूर्ण जोरात मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या वर फेकतो, आणि तरी प्रत्येक रननंतर इंजिन खोलावं लागते. तुमच्या बाईकचा कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर पेट्रोलच्या हिशोबानं बसवलेला, तो इंधन कमी देईल, इंजिन ठोके मारेल आणि पिस्टनला भोक पडेल. विमानाच्या त्या फ्युएलमध्ये जास्त भाग मिथेनॉलचा असतो, ते रबराचे पाईप अन् ॲल्युमिनियम दोन्ही खाते. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात. आणि शुद्ध नायट्रोमिथेन घरात साठवायचा तर विचारही करू नका, १९५८ ला अमेरिकेत ते भरलेले रेल्वेचे टँकर दोन वेगवेगळ्या ठिकाणी फुटले होते. पिकअप कमी वाटत असेल तर एअर फिल्टर साफ करा, चेन अन् क्लचचा प्ले बघा, प्लग बदला, आपल्या धुळीच्या रस्त्यांवर बहुतेक वेळा फिल्टरच निघतो.