पन्नासच्या नोटेवरचा रथ

पत्र :

ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ५४. यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली. पन्नासची नवी नोट आली तेव्हा तिच्या मागचा हंपीचा दगडी रथ दाखवून हे म्हणाले होते, “एकदा जाऊ.” ते राहूनच गेलं. यंदा मैत्रिणीबरोबर ठरवलं होतं, तर तिच्या सुनेचं बाळंतपण आलं. आता एकटीनंच जावं असं मनात घोळतंय. पण मी जन्मात कधी तिकीट काढलेलं नाही. हे तिकीट काढायचे, मी पिशव्या सांभाळायची. पुण्यातला मुलगा म्हणतो, “टूरबरोबर जा, नाहीतर दिवाळीत मी नेतो.” हंपीजवळच्या त्या अत्याचाराची बातमीही त्यानं पाठवली. नणंदबाई म्हणतात, “आता कसली गं हौस?” आणि खरं सांगू का, मला सगळ्यात भीती वाटते ती हॉटेलात एकटीनं जेवायला बसायची. हसू नका. जाऊ की नको?

उत्तर :

नाही हसले. मी पहिल्यांदा एकटी बाहेरगावी गेले तेव्हा ४७ वर्षांची होते आणि पहिली रात्र बिस्किटांवर काढली होती. खानावळीच्या दारातून दोनदा परत फिरले. घरी सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर आपण रोज एकट्याच जेवतो, त्याचं काही वाटत नाही. पण चार लोकांत ताट पहिलं आपल्यापुढे येतं आणि वाढायला कुणी नसतं, तेव्हा हात अवघडतो. ही भीती सांगलीतच मोडून काढा. याच आठवड्यात, गर्दी व्हायच्या आधी, बारा वाजता एखाद्या खानावळीत जा. भिंतीकडे पाठ करून बसा आणि पूर्ण थाळी मागवा. ओळखीचं कुणी भेटलं तर “जेवायला आलेय” एवढंच सांगा, पुढे कारण जोडू नका. दुसऱ्या खेपेला हात सैल होतो, हे अनुभवानं सांगते.

आता मुलाचं. त्यानं पाठवलेली बातमी मार्च २०२५ ची, सणापूरजवळची. ती खरी आहे, भयंकर आहे, आणि आईच्या काळजीनं त्यानं ती पाठवली यात काही गैर नाही. पण ती नीट वाचा. रात्री कालव्याकाठी बसलेले ते पाच जण होते. त्यातला एक जण जिवाला मुकला. त्यांची काहीही चूक नव्हती, आणि ते एकटेही नव्हते. म्हणजे ‘सोबत असली की झालं’ असं ती बातमी सांगत नाही. निर्मनुष्य जागा आणि अंधार टाळायचा, एवढं मात्र त्यातून घ्या आणि ते कसोशीनं पाळा. सूर्योदय बघायला एकटीनं मातंग टेकडी चढायची नाही. ओसाड अवशेषांत एकट्यानं आत आत शिरायचं नाही. दिवेलागणीला खोलीवर. मुलाला हे सगळं आधीच सांगा, पण “जाऊ का?” असं विचारू नका. तारीख, गाडी, मुक्कामाचा फोन नंबर द्या आणि रोज रात्री आठला फोन करीन म्हणून कळवा. विचारलं की त्याला नाही म्हणावंच लागेल. कळवलंत तर तो मदतीला लागेल. पुण्यात बसून तिकीट काढून द्यायला निघेल, तेव्हा मात्र त्याला थांबवा. तिकीट तुम्हीच काढायचं.

मिरजेच्या आरक्षण खिडकीवर जा, फॉर्म भरा. कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस मिरजेहून हंपीजवळच्या होसपेटला थेट जाते, मध्ये गाडी बदलायची नाही. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तो खिडकीवर आवर्जून मागा. गाडीत काही त्रास झाला तर १३९, इतर कुठेही ११२. हे दोन्ही नंबर मोबाइलमध्ये ठेवाच, शिवाय कागदावर लिहून पर्समध्येही ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हा संपते.

पण हंपीच्या आधी एक दिवस औंधला जाऊन या. हो, आपलं खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध. सकाळच्या एस.टी.नं निघायचं, वाटेत गाडी बदलायची, संध्याकाळी घरी. बायकांना एस.टी.त मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे खर्चाचंही फार नाही. तिथलं श्रीभवानी वस्तुसंग्रहालय औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलं. रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे. निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या. त्या दिवशी तुम्हाला गाडी चुकू दे, असं मी मनापासून म्हणते. पुढची कधी आहे हे चौकशीच्या खिडकीत विचारणं आणि तासभर स्टँडवर बसणं एकदा जमलं, की होसपेटचं स्टेशन परकं वाटणार नाही.

मुक्कामाचं. एका गावात लॉजवाल्यानं मला “सोबत कोण?” असं विचारून खोली नाकारली होती. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तेव्हापासून मी आधी फोन करते आणि पहिल्याच वाक्यात “मी एकटी आहे” असं सांगते. पलीकडचा अडखळला तर दुसरीकडे. गाडी रात्रीची पोहोचणार असेल तर ती रात्र होसपेटलाच स्टेशनजवळ काढा. तिथून हंपी तेरा-चौदा किलोमीटर आहे, सकाळी जा. पुढचा मुक्काम कमलापूरला करा. कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयूर भुवनेश्वरी तिथे आहे आणि पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही. एक लक्षात असू द्या, आपलं अर्धं तिकीट कर्नाटकच्या बसला चालत नाही, आणि तिथला बायकांचा मोफत प्रवास फक्त तिथल्या रहिवाशांना आहे. भाषेची चिंता सोडा. मिरजेच्या बाजारात कानडी कानावर पडलेलंच असेल. एष्टु म्हणजे किती, बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. दुपारचं ऊन दगडातून परत अंगावर येतं, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा आणि टोपी, पाणी विसरू नका.

राहिल्या नणंदबाई. त्यांच्या बोलण्यानं तुम्हाला लागलं, कारण तेच तुमच्या मनात आहे. हे नसताना हा रथ मी एकटीनं बघू का? ताई, दोन वर्षं ती नोट दर भाजीच्या हिशेबात हातात आली असेल आणि दर वेळी तुम्ही ती उलटी करून पाहिली असेल. याला हौस म्हणत नाहीत. नणंदबाईंचाही तो भाऊ होता. त्यांना नोटेची गोष्ट सांगितलीत का कधी? वाद न घालता ती एकदा सांगा. गप्प होतील, किंवा रडतील. कदाचित “मीही येते” म्हणतील. तसं झालं तर हो म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. नको वाटलं तर “या वेळी मला एकटीनं जाऊ द्या” असं म्हणायला लाजू नका.

टूरचं मी काही वाईट म्हणत नाही. गुडघे कुरकुरत असतील, सामान उचलवत नसेल तर टूर बरीच. पण टूरमध्ये विठ्ठल मंदिरात तासाभरात शिट्टी वाजेल. तुम्हाला तिथे तास पुरणार नाही. रथ तर आवारातच आहे. मागच्या मंदिराचा गाभारा मात्र रिकामा आहे. कृष्णदेवरायानं विठ्ठलाची मूर्ती हंपीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरीला परत आणली, अशी कथा वारकऱ्यांत सांगतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा. रथासमोर सावली बघून बसा. ती नोट बरोबर असू द्या. रडू आलं तरी तिथे तुम्हाला “चला आता” म्हणणारं कुणी नसेल.

मिरजेच्या खिडकीवर तिकीट हातात पडलं की मला दोन ओळी टाका.