पोट्टा हातचा गेला जी

दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या गावांत समुपदेशनाला बसते, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं, "मॅडम, पोट्टा हातचा गेला जी." शाळेला दांड्या, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, रात्री पुलावर टोळकं. पुढचा प्रश्नही ठरलेला, काय शिक्षा करू?

त्यांच्यातलाच एक पंधरा वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शेतातल्या मोटारींची तांब्याची तार चोरताना सापडला. गावाने प्रकरण मिटवलं, पण 'तारचोर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. वडील म्हणाले, "महिनाभर मंदिर झाडाले लावतो याले."

मी थांबवलं. 2015 च्या बाल न्याय कायद्यातही मुलाला समाजसेवा करायला सांगायची सोय आहे, पण चारचौघांत हाती झाडू देणं ही सेवा नाही, धिंड आहे. गाडगेबाबा याच मुलखातले. त्यांनी झाडू आधी स्वतः उचलला, म्हणून गाव मागे आलं. मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांची. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, हे कळलं की पोर सावरतं, अशी माझी पक्की श्रद्धा.

हा सगळा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, गोडं पाणी गुंडीत, म्हणजे धातूच्या घागरीत, दुरून आणावं लागतं. त्याच्या गल्लीत एकटी राहणारी एक म्हातारी होती, डोळ्यांनी अधू. "रोज तिला पाणी भरून देशील?"

"मले कोण घरात घेईन?"

"विचारून तर बघ. आणि कोणाला सांगू नको."

तीनेक आठवडे तो गप्पच होता. मग एकदा आला आणि बसायच्या आधीच बोलला, "मॅडम, तिची गुंडी तांब्याची हाय. दोन किलोच्या वर भरन."

मी काही बोलले नाही.

"माह्याच हातात देली न तिनं."

"तिला ठाऊक नसेल तारेचं."

"साऱ्या गावाले मालूम हाय. तिले बी."

बराच वेळ तो तळहातावरचा गुंडीच्या काठाचा वळ चोळत राहिला. उपयोगी पडणं हेच औषध, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवशी उमगलं, औषधाचा अर्धा भाग म्हातारीकडे होता. सगळं माहीत असून तिने गुंडी दिली.

म्हणून आईबापांना आता सांगते, काम एका माणसाचं द्या आणि खरं द्या, चुकलं तर त्याची चूल अडेल असं. मागे पहारा ठेवू नका, फोटो तर मुळीच काढू नका. एखादी दांडी पडली तर तुम्ही ओरडू नका. ज्याचं अडलं त्यालाच बोलू द्या. मुलांना ते बोलणं लागतं, आपलं लागत नाही.

परवा त्याचे वडील बाजारात भेटले. "खर्रा नाही सुटला जी अजून," म्हणाले. मग जरा थांबून, "पण म्हातारीची गुंडी चिंच लावून घासते तो. घरचा लोटा कदी घासला नाही त्यानं."